लासनच्या पुढचं क्रियापद

जर्मन शिकायला मी धुळ्याला जायचे, असं सांगितलं की लोकांना आधी थट्टाच वाटते. पुण्याला जाऊन शिकणाऱ्या मुली असतात, मोबाइलवर शिकणाऱ्या त्याहून जास्त. पण मी जळगावात एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स. रात्रपाळी करून आल्यावर मोबाइलसमोर बसलं की पहिल्या दहा मिनिटांत मान खाली जायची. समोर हाडामांसाचं माणूस बसल्याशिवाय मला काही शिकता येत नाही, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. तेवढ्यात आमच्याच वॉर्डातल्या एका सिस्टरनं सांगितलं, की धुळ्यात देवपूरमध्ये एक बाई आहेत, जर्मनीत बरीच वर्षं राहून आलेल्या, आणि रविवारी घरीच शिकवतात. मी रविवारची सुट्टी मागून घेतली आणि पहाटेची एसटी पकडून एरंडोल, पारोळा करत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

बाई पासष्टीच्या पुढच्या होत्या. केस बारीक कापलेले, अंगावर साधी सुती साडी, पायात मोजे. मी "मॅडम" म्हणाले तर म्हणाल्या, "मॅडम तिकडे सगळ्याच असतात. इथे मला अक्का म्हणतात." त्यांचे यजमान कारखान्यात इंजिनिअर होते. लग्न होऊन त्या धुळ्याजवळच्या एका खेड्यातून थेट जर्मनीतल्या एका लहान गावात गेल्या. पुढे तिथल्या वृद्धाश्रमात वृद्धांची देखभाल करायचं काम केलं. यजमान गेले, मुलगा आधीपासून पुण्यातच होता, तेव्हा त्या परत आल्या आणि धुळ्यात राहिल्या. पुण्याला का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मुलाला त्याचं घर असू दे आणि मला माझं.

आम्ही पाच-सहा जणी होतो, सगळ्या नर्सच, तिकडच्या नोकरीसाठी लागणारी भाषेची परीक्षा द्यायला निघालेल्या. अक्कांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसायचो, त्या खुर्चीवर. फळा नव्हता. त्या बोलायच्या, आम्ही बोलायचो. अनियमित क्रियापदांची तीन-तीन रूपं त्या पाढ्यांसारखी म्हणून घ्यायच्या: मूळ रूप, भूतकाळाचं रूप आणि पूर्ण झालेल्या क्रियेचं रूप. गेहन, गिंग, गेगांगन, म्हणजे जाणं. कोमन, काम, गेकोमन, म्हणजे येणं. शेजारच्या काकू ओट्यावर तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या आणि हसायच्या. त्या अक्कांच्या बालपणच्या गावच्याच, अहिराणीखेरीज दुसरं काही बोलायच्या नाहीत.

लासन हे क्रियापद आलं तो रविवार मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी आम्ही सगळ्या वैतागलो होतो. रूपं सोपी होती: लासन, लीस, गेलासन. वर्तमानकाळात 'तू' आणि 'तो' आले की आतल्या 'आ'वर दोन टिंबं चढतात आणि त्याचं 'लेस्ट' होतं, एवढीच अडचण. खरी अडचण अर्थाची होती. पुस्तकात अर्थ दिला होता सोडणे. मग त्याखाली, करू देणे. मग करवून घेणे. मग ठेवणे. आमच्यातली एक म्हणाली, अक्का, एकाच शब्दात सोडणं पण आणि ठेवणं पण, हे कसं?

अक्कांनी पुस्तक मिटायला लावलं. म्हणाल्या, समजा तुझी छत्री बसमध्ये विसरली, तर घरी येऊन काय सांगतेस? ती म्हणाली, छत्री बसमध्ये राहिली. "बघ," अक्का म्हणाल्या, "मराठीत छत्री आपली आपण राहते. तुझा काही संबंधच नाही. जर्मनमध्ये मात्र तुला सांगावं लागतं, मी छत्री बसमध्ये सोडली. इश हाबं डेन शिर्म इम बुस गेलासन." आम्ही हसलो. मग त्या म्हणाल्या, की हे क्रियापद एकटं आलं, तर कशाला तरी सोडणं किंवा आहे तिथं राहू देणं. दुसरं क्रियापद बरोबर घेऊन आलं, तर ते काम करू देणं. लास मिश श्लाफन, मला झोपू दे. लास मिश गेहन, मला जाऊ दे. केस स्वतः न कापता न्हाव्याकडून कापून घेतले तरी हेच. कुणी आपल्यासाठी उठायला लागलं आणि आपण म्हटलं, राहू द्या, बसा, तरी हेच, लास नूर.

"पण ते दुसरं क्रियापद अगदी शेवटी येतं," त्या म्हणाल्या. "तोवर समोरच्याला थांबावं लागतं. लास मिश एवढंच ऐकून निघून जाऊ नका. पुढे काय येतं ते ऐका."

मला त्या दिवशी बसमध्ये परत येताना आबांची आठवण येत राहिली. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर जळगावजवळ असोद्याला, केळीची बाग आहे. मी जर्मनीला जायचं ठरवलं, तेव्हा आई रडली, बोलली, रागावली आणि महिनाभरात तिला सवय झाली. आबा काहीच बोलले नव्हते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी विषय काढला की ते उठून ठिबकच्या नळ्या बघायला जायचे. मला त्यांच्याकडून परवानगी हवी होती असं नाही. मी कमावती होते, तिशीला आले होते. पण त्यांनी तोंडानं काहीतरी म्हणावं असं मला वाटायचं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला, की अक्कांना दवाखान्यात नेलंय. मी दिवसपाळी संपवून कपडे न बदलताच धुळ्याची बस धरली. शेजारच्या काकू दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी अक्का अंगणातल्या नळाशी उभ्या होत्या, बादली भरून वाहत होती आणि अक्का काहीतरी बोलत होत्या. काकूंना आधी वाटलं, पोरींना शिकवायचा सराव चालला असेल.

"पन तिना जेवना हात लुळा पडना व्हता," काकू म्हणाल्या. "पेला बी धराये नही. मंग मी काय थांबसू? रिक्षा बलाई अन् लई उनू."

काकू न थांबता रिक्षानं घेऊन आल्या म्हणूनच अक्का वाचल्या, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता, तोंड किंचित वाकडं झालं होतं आणि बोलणं पार विस्कटलं होतं. हे सगळं मी पुष्कळ रुग्णांत पाहिलं आहे. पण अक्कांच्या तोंडून मराठीचा एकही शब्द येत नव्हता, हे मात्र मी पहिल्यांदा पाहत होते. तोंडातून यायची ती जर्मन, तीही तुटकी: आकडे, वारांची नावं, 'या' म्हणजे हो, 'नाइन' म्हणजे नाही, आणि पुन्हा पुन्हा लास मिश. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाचं असं होऊ शकतं. कधी एक भाषा आधी परत येते, कधी दुसरी, आणि कोणती ते आधी सांगता येत नाही. मराठीत विचारलेलं त्यांना थोडंफार कळत होतं. उत्तर मात्र येत नव्हतं, आणि ते येत नाही हे कळून त्या चिडत होत्या.

मी चार दिवसांची रजा टाकली. रात्री पुण्याहून त्यांचा मुलगा आला, चाळिशी उलटलेला, अबोल. आईजवळ बसून राहिला. जर्मन त्यालाही येत होती, पण लहान मुलाची. दहा वर्षांचा होईपर्यंत तो तिथे वाढला, मग त्याला नाशिकला होस्टेलवर ठेवलं होतं. त्यानंतर तो ती भाषा कुणाशी बोललाच नव्हता.

गिळताना घास श्वासनलिकेत जाण्याची भीती होती, म्हणून नाकातून नळी घालून पातळ अन्न देत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी डाव्या हातानं ती नळी ओढून काढली. ड्यूटीवरच्या सिस्टरनं नवी घातली. ती त्यांनी पुन्हा काढली. तेव्हा तिनं तिसरी घालून त्यांचा डावा हात मऊ पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधला. असे हात मीही बांधले आहेत. वॉर्डात एका नर्सकडे दहा-बारा रुग्ण असतात आणि नळी फुप्फुसाच्या वाटेला गेली तर माणूस जाऊ शकतो. पण अक्कांचा बांधलेला हात पाहून मला त्या पलंगाकडे सरळ बघवेना. त्या छताकडे बघत म्हणत होत्या, "लास मिश. लास मिश."

मुलगा चहा घेऊन आला. त्यानं बांधलेला हात पाहिला, आईचं बोलणं ऐकलं आणि कप खिडकीत ठेवून दिला. मला बाहेर बोलावून तो म्हणाला, "ताई, ती काय म्हणतेय ते तुम्हाला कळतं ना? ती म्हणतेय मला सोडा. लहानपणी ती माझे केस विंचरायला धरून बसवायची, तेव्हा मी हेच ओरडायचो. लास मिश, सोड मला. तिला हे नळ्या-बिळ्या काही नकोय. मी तिला घरी नेतो."

तो रागावलेला नव्हता. ठरवून बोलत होता. त्याच्या मते तो आईचं ऐकत होता, तेही तिच्याच भाषेत. मला त्याचं म्हणणं खोडून काढता येईना, कारण त्याचा अर्थ बरोबरच होता. आणि माझ्या डोक्यात रविवारचा वर्ग होता. मी त्याला एवढंच म्हणाले, की याचे दोन अर्थ होतात आणि कोणता ते अजून आपल्याला माहीत नाही.

सकाळच्या राउंडला डॉक्टर आले तेव्हा त्यानं घरी न्यायचं बोलून दाखवलं. डॉक्टर तरुण होते, पण घाई न करणारे. त्यांनी समजावलं, की आत्ता नळीशिवाय घरी नेलं तर पोटात काही जाणार नाही, आणि तोंडानं भरवलं तर न्यूमोनिया होईल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, की तुम्हाला जर्मन येते असं कळलं, त्या नेमकं काय सांगतायत?

मी सांगितलं, "एक तर 'मला सोडा' म्हणतायत. नाहीतर 'मला अमुक करू द्या' असं म्हणायचंय आणि ते अमुक आठवत नाहीये. पुढचं क्रियापद आलेलं नाही, सर."

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. म्हणाले, "मग ते विचारा. दुपारी मी पुन्हा येतो, तेव्हा ठरवू. तोवर हात सोडा, पण तुम्ही दोघं इथून हलू नका."

मी पट्टी सोडली. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, उशी लावली. अक्कांनी मोकळा झालेला हात पोटावर घेतला आणि बोटं हलवून पाहिली. मुलगा एका बाजूला बसला, मी दुसऱ्या. आधी मी मराठीत विचारलं, अक्का, तुम्हाला काय हवंय, काही दुखतंय का, झोपायचंय का. त्यांनी डोळे मिटून घेतले. परीक्षेत मूर्ख प्रश्न आला की आम्ही असा चेहरा करायचो.

मग मी त्यांच्याच पद्धतीनं सुरुवात केली. वर्गात त्या अर्धं वाक्य द्यायच्या आणि उरलेलं आम्ही पुरं करायचो. मी म्हणाले, "लास मिश... श्लाफन?" झोपू द्या? त्यांनी डोळे उघडले. मान हलवली, नाही. पण आता त्या माझ्याकडे बघत होत्या. "लास मिश... आलाइन?" एकटीला राहू द्या? पुन्हा नाही. "नाख हाउझं?" घरी? यावर त्या जरा थांबल्या, मुलाकडे पाहिलं, आणि नाही. एसन, म्हणजे खाऊ द्या, म्हटलं तेव्हा हो आणि नाहीच्या मध्ये काहीतरी. ट्रिंकन, पिऊ द्या, यालाही तसंच. माझ्याजवळची क्रियापदं संपत आली होती. एक उरलं होतं, ते मला बोलवेना. आम्ही ते लासनच्याच आठवड्यात पाठ केलं होतं.

ते मुलानं उच्चारलं. आईचा हात हातात घेऊन, लहान मुलासारख्या उच्चारात, अगदी हळू तो म्हणाला, "श्टेर्बन, मामा?" मरू देऊ तुला?

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. मग आपला डावा हात त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याच्या मनगटावर एक चापट मारली. "क्वाच," त्या म्हणाल्या. शब्द अगदी स्वच्छ आला. क्वाच म्हणजे फालतू बडबड. वर्गात आम्ही उत्तर ठोकून द्यायचो तेव्हा त्या हेच म्हणायच्या.

मुलगा हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं तोंड फिरवलं. अक्कांचं मात्र त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तो शब्द नीट निघाल्यानं त्यांना जोर आला असावा. त्या पुन्हा म्हणाल्या, "लास मिश," आणि हात लांब करून शेजारच्या स्टुलावरच्या वाटीकडे नेला. वाटीत नळीतून द्यायची पेज होती आणि एक चमचा. बोटं चमच्यापर्यंत पोचली, चमचा निसटला. त्यांनी पुन्हा धरला. "लास मिश... झेल... झेल..."

"झेल्बर," मुलगा म्हणाला. तो एकदम उभाच राहिला. "झेल्बर माखन? स्वतः करायचंय? आई, तुला स्वतः करायचंय?"

"या," अक्का म्हणाल्या. आणि दमून उशीवर मान टाकली. चमचा हातातच होता.

अक्कांचा डोळा लागल्यावर तिथेच बसून तो मला सांगत होता, की तिथली लहान मुलं बोलायला लागली की हेच म्हणत फिरतात, झेल्बर माखन, माझं मी करणार. तो बुटाच्या नाड्या बांधायला शिकत होता, तेव्हा आई दारात कोट घालून उभी असायची, तिला कामाला उशीर व्हायचा, आणि तो तिला हात लावू द्यायचा नाही. हे सगळं तो पार विसरून गेला होता. बोलता बोलता त्याला अजून काही शब्द आठवले, ते त्यानं मला म्हणून दाखवले: कोटाचं बटण, मोजे, सूप. खूप वर्षांनी कुणीतरी ऐकायला मिळाल्यासारखं तो बोलत होता.

दुपारी डॉक्टर आले. मी सांगितलं, की त्यांना कुणी भरवलेलं नकोय, त्यांचं त्यांना खायचंय. डॉक्टरांनी लगेच होकार दिला नाही. म्हणाले, गिळण्याची तपासणी करावी लागेल, त्यासाठी बोलणं-गिळणं शिकवणाऱ्या ताईंना उद्या बोलावतो, त्या पातळ देऊ नका म्हणतील, दाट करून द्या म्हणतील, वेळ लागेल, आणि तोवर नळी ठेवावीच लागेल. मग अक्कांकडे वळून सावकाश मराठीत म्हणाले, "करता येईल, आजी. पण थोडं थांबा." अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, "दास लेस्ट झिश माखन." म्हणजे, जमण्यासारखं आहे. पुस्तकात याही अर्थानं तेच क्रियापद होतं, आणि वर्गात मला ते कधीच नीट कळलं नव्हतं. अक्कांनी मान हलवली. नळी नाकात तशीच राहिली, त्या ओठ आवळून बसल्या, पण ती काढली नाही. त्यांचा हात पुन्हा कुणी बांधला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी डाव्या हातानं दाट पेजेचा पहिला चमचा खाल्ला. निम्मा पदरावर सांडला. ती साडी त्यांनी बदलू दिली नाही.

घरी आल्यावर भाषा परत यायला महिने लागले. आम्हा सगळ्यांना वाटत होतं, आधी मराठी येईल. मुलानं काम घरून करायची परवानगी घेतली होती. तो रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, मी रविवारी जायचे. पण मराठीच्या आधी आली अहिराणी. शेजारच्या काकू रोज चारला दारात उभ्या राहून विचारायच्या, "अक्का, च्या लेशी का?" आणि अक्का नुसती मान हलवायच्या. एका दिवशी मान न हलवता त्या म्हणाल्या, "अर्धा." काकूंच्या आधी लक्षातच आलं नाही. त्या चहा घेऊन आल्या, बशी पुढे केली, आणि मग तिथेच खाली बसल्या. मला हे त्यांनी रविवारी दारातच गाठून सांगितलं. म्हणाल्या, आता हिना बठ्ठं परत येल, तू देखज्यो.

बठ्ठं, म्हणजे सगळं, काही आलं नाही. उजवा हात अजून तसाच आहे. लांब वाक्य सुरू केलं की मध्येच अडतं, आणि तेव्हा अक्का जवळ असेल ती भाषा वापरतात. एकाच वाक्यात अहिराणी, मराठी आणि जर्मन असं ऐकायची आता आम्हाला सवय झाली आहे. रविवारचा वर्ग काही महिने बंद होता. मग नव्या दोघी-तिघी विचारायला यायला लागल्या, तेव्हा मी घेऊ लागले. अक्का खुर्चीत बसतात. मी चुकले की डाव्या हाताच्या बोटानं खुर्चीचा हात वाजवतात.

लासन शिकवताना मी हटकून चुकायचे. एकटं असताना त्याचं पूर्ण झालेलं रूप गेलासन. पण दुसरं क्रियापद बरोबर असलं की ते रूप चालत नाही. मी तिला जाऊ दिलं असं म्हणायचं, तर इश हाबं झी गेहन लासन, असं मूळ रूपातच ठेवावं लागतं. मी दरवेळी गेहन गेलासन म्हणायचे आणि बोट वाजायचं. असं का, हे अक्कांनी आम्हाला कधी समजावून सांगितलेलं नव्हतं, आणि आता ते सांगणं त्यांना जमणार नव्हतं. पुस्तकातही नुसता नियम आहे. मी मुलींना सांगते, पाठ करा.

माझी परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झाले. तिकडच्या एका दवाखान्यानं मुलाखत घेऊन होकार कळवला. ते मी घरी सांगितलं तेव्हा आई देवाजवळ साखर ठेवायला उठली. आबा म्हणाले, "त्या धुळ्याच्या बाईले एकदा भेटू." एवढंच.

पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर आले. धुतलेला सदरा घातला होता आणि केळीच्या दोन फण्या गोणपाटात बांधून घेतल्या होत्या. बसमध्ये त्या मांडीवर धरून होते. अक्कांच्या घरी खुर्चीवर बसले नाहीत, सतरंजीवर बसले. अक्कांनी केळी हातात घेऊन पाहिली, वास घेतला. दोघं थोडा वेळ पावसापाण्याचं बोलले. आबांची असोद्याची बोली आणि अक्कांची अहिराणी, शब्द वेगळे, पण दोघांनाही एकमेकांचं कळत होतं. मी आत चहा करत होते. आबांचा आवाज आला.

"अक्का, एक विचारू? तठी पोरीले करमीन का?"

अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शब्द अडलाय की विचार चाललाय, हे मला आतून कळेना. मी गॅस बारीक केला.

"पयले करमत नही," त्या म्हणाल्या. मग श्वास घेतला. "मंग करमस."

 आबांनी चहा घेतला आणि अक्कांना वाकून नमस्कार केला. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. पारोळा मागे पडल्यावर बाहेर बघतच म्हणाले, "मंग जाय तू." थोड्या वेळानं म्हणाले, "फोन करत जाय पन."

व्हिसा अजून यायचा आहे. तोवर मी दवाखान्यात आहे, आणि सुट्टीच्या दिवशी बागेत. परवा आबा घड कापत होते, मी धरत होते. त्यांनी अचानक विचारलं, केळीले काय म्हनता तठी? मी म्हणाले, बनानं.

त्यांनी कोयता थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. "एवढंच?" ते म्हणाले. "मंग त्याच्यात शिकायचं काय?" आणि पुढच्या झाडाकडे गेले. घडाला, बुंध्याशी फुटणाऱ्या पिलाला, केळफुलाला काय म्हणतात ते त्यांनी विचारलं नाही, ते बरं झालं. तिकडे केळी होतच नाहीत, तेव्हा ते शब्द अक्कांना तरी माहीत असतील की नाही, कोण जाणे.